बाई मधोमध गात नव्हत्या

तपकीर गल्लीत दुरुस्तीला बसून मला तीस वर्षं होत आली. रेकॉर्ड प्लेअर घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते, ‘एकच बाजू वाजते’. त्या दिवशी रिक्षातून उतरलेल्या काकूंचीही तीच होती. यजमानांनी सत्तरच्या दशकात जर्मनीहून आणलेला सेट, दोन लाकडी स्पीकर आणि पिशवीत स्वतःची नाट्यगीतांची तबकडी. दोन दुकानांत ‘आता ब्लूटूथचा घ्या’ ऐकून आल्या होत्या.

एक बाजू मुकी असली की मी आधी काही उघडत नाही. दोन्ही स्पीकरचे प्लग अदलाबदल करतो. मुकेपणा स्पीकरबरोबर सरकला तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरचा, जागेवरच राहिला तर पेटीच्या आतला. इथे डावा स्पीकर उजव्या सॉकेटात छान बोलला, उजवा मात्र डावीकडे गप्प. मीटरवर दोन्ही 3.6 ओहमच्या आसपास. चार ओहमच्या स्पीकरला मीटर एवढंच दाखवतो, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, कॉइल, शाबूत.

मेन वायर काढून पेटी उलटी केली. डाव्या सॉकेटच्या पायाशी डागाभोवती, म्हणजे सोल्डरच्या जोडाभोवती, केसाएवढी गोल चीर. प्लग खुपसून-उपटून असे डाग सुटतात. वरून बघितलं तर चकचकीत, बोट लावलं तर हलतात. जुना डाग ओढून काढला, नवा दिला. डाव्या स्पीकरचा प्लगही तडकला होता. माझ्या डब्यात तसलाच जुना डिन प्लग, एक गोल पिन आणि एक चपटी पट्टी असलेला, निघाला, तोही लावून टाकला. वीस मिनिटांत काम फत्ते! दोन्ही बाजू वाजायला लागल्या आणि मी बिलबुक पुढे ओढलं.

काकू डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, “बाई मधोमध गात नाहीयेत हो.”

“म्हणजे?”

“सगळ्या दुकानभर पसरल्यात. आणि तबल्यातला डग्गा कुठे गेला?”

मी तबकडी झिजली असेल म्हणालो. सुई जुनी असेल म्हणालो. दुकान लहान आहे, घरी बरं वाजेल, हेही म्हणून झालं. काकू नुसत्या मान हलवत राहिल्या. मग मी कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या डबीच्या, चार बारीक वायरी तपासायला घेतल्या. पांढरी-निळी डावीकडची, लाल-हिरवी उजवीकडची. जागच्या जागी होत्या. खरं सांगायचं तर, ज्या कामाला मी नुकताच हात लावला होता ते सोडून मी सगळीकडे शोधत होतो.

शेवटी टेबलावरचा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला. स्पीकरचा प्लग काढून त्याच्या पिनांना सेल क्षणभर टेकवायचा. गोल पिनेला धन, चपट्या पट्टीला ऋण. स्पीकरचा पडदा, म्हणजे कोन, बाहेर आला तर जोडणी सरळ. उजवा बाहेर आला. डावा आत गेला.

त्या वायरीच्या दोन्ही तारा काळ्या. एकीवर नखाला लागेल एवढी बारीक धार, धन-ऋण ओळखायची तीच खूण. मी चष्मा न लावता अंदाजाने जोडलं होतं. तबकडी मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज. एक हवा ढकलतोय त्याच वेळी दुसरा ओढतोय. मग खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि गळा मधे न राहता भिंतींकडे पळतो. कानाला दोन्ही स्पीकर सुरू, मीटरला सगळं ठीक. एखादी स्टिरिओ तबकडी लावून मी आधी ऐकलं असतं तर कदाचित मलाही संशय आला नसता.

दोन तारा पालटल्या, सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. डग्गा आला. बाई दोन्ही खोक्यांच्या बरोबर मधे, जिथे माझा गरम सोल्डरिंग आयर्न ठेवला होता, तिथे येऊन गायला लागल्या.

“चूक माझीच होती, काकू. प्लग मीच उलटा लावला.”

“ते कळलं मला. मघापासून तुम्ही त्याच्याकडेच बघत नव्हतात.”

प्लगचे पैसे मी लावले नाहीत. मजुरी देऊन त्यांनी पाकीट मिटलं आणि टेबलावरचा सेल उचलला.

“हा किती जुना आहे?”

“असेल वर्षभराचा. का हो?”

“घरी यांनी बसवलेले आणखी दोन स्पीकर आहेत,” असं म्हणून त्यांनी तो पिशवीत टाकला.