पोस्तीची वही

गेल्या दिवाळीत आई बहिणीकडे पुण्याला होती, त्यामुळे पोस्त, म्हणजे कामाच्या माणसांना द्यायचे दिवाळीचे पैसे, वाटायचं काम पहिल्यांदाच माझ्या गळ्यात पडलं. आमचं घर नाशिकला इंदिरानगरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईची वही फ्रीजवर सापडली. मागच्या पानावर नावं नव्हती, फक्त कामं: भांडीवाली, पेपर, दूध, वॉचमन दिवसाचा, वॉचमन रात्रीचा, घंटागाडी, सिलिंडर. पुढे आकडे, तेही चार वर्षांपूर्वीचे.

मी एक्सेल उघडलं. आता हसू येतं, पण उघडलं खरं.

सगळ्यात अडलं ते भांड्यांच्या मावशींपाशी. एक पगार बोनस, हा आमच्याकडचा ठरलेला रिवाज. पगार ३,५०० रुपये. पण या मावशी जूनमध्ये लागलेल्या. पाच महिन्यांच्या हिशेबाने १,४५८ रुपये निघाले. बायको म्हणाली, "वर ३३ पैसेही दे की!" शेवटी लाज सोडून मावशींनाच विचारलं. त्या भांडी घासता घासताच म्हणाल्या, "पहिलं वर्ष आहे दादा, अर्धा पगार देतात सगळीकडे. पुढल्या वर्षी पुरा. फक्त साडी नका देऊ. मागं एकीनं साडी दिली न् पैशाचं नावच नाही काढलं." म्हणजे दर ठरलेला होता, माहीत नव्हता तो मलाच. १,७५० दिले आणि फराळाचा डबा.

सिलिंडरचं प्रकरण वेगळं. घरपोच पोहोचवण्याचा खर्च सिलिंडरच्या किमतीतच धरलेला असतो, आणि मजला कुठलाही असो, सिलिंडर घरात आणून देणं हे वितरकाचं काम. हे मला ठाऊक होतं म्हणून दर वेळी मोबाइलवरून बिलाइतकेच पैसे पाठवून मी दार लावून घ्यायचो. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "नियम वितरकाला. जिने त्या पोराला." ती दर वेळी त्याला ३० रुपये हातावर ठेवायची, पण आधी सिलिंडर वजन करून घ्यायची! आत गॅस १४.२ किलो, रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं, दोन्हींची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे. दोन्ही गोष्टी मी आता करतो. पोरगा काटा आणायला कुरकुरतो.

नोटांचा घोळ निराळाच. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात, आणि त्याच गावात मला शंभराच्या वीस कोऱ्या नोटा मिळेनात. बँकेने पन्नासच्या दिल्या. पाकिटं उगाच जाड झाली. घंटागाडीवरच्या दादांनी पाकीट चाचपून पाहिलं आणि खूश झाले, तेवढाच फायदा.

त्याच आठवड्यात गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात सगळे जेवायला गेलो. जेवण २,६४० रुपयांचं. बिलात खाली १० टक्के सेवाशुल्क, २६४. त्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे टिपेवरही कर! एकूण ३,०४९ रुपये २० पैसे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेलांना हे शुल्क आपोआप लावता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. मॅनेजर म्हणाला, "सर, पोरांसाठीच असतं ते." मी म्हटलं, मग पोरांनाच देतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचं नाव काढल्यावर नवं बिल आलं: २,७७२. मेहुणा तोवर खाली मान घालून बडीशेप निवडत होता.

वाढणाऱ्याला १५० रुपये दिले. दहा टक्के होत नाहीत, माहीत आहे. पण आमच्याकडे उडपी हॉटेलात ताटलीत उरलेली सुट्टी चिल्लर ठेवण्यावरच पिढ्या गेल्या. हे तुझ्याकडेच राहतात ना, असं विचारलं. म्हणाला, सगळे एका डब्यात जातात, रात्री वाटून घेतो, आत भांडी घासणाऱ्यालाही त्यातून मिळतात. हे मला आवडलं. आणखी ५० टाकले.

राहिला पेपरवाला. वहीत त्याच्यापुढे आईने लिहिलं होतं: "पहाटे साडेपाच. स्वतः उठणे." बिल घ्यायला त्याचा मालक येतो, त्याच्याकडे पाकीट दिलं तर पोराला पोचेलच असं नाही. मी दोन दिवस झोपून राहिलो. तिसऱ्या दिवशी स्वेटर घालून जिन्यात उभा राहिलो. नववी-दहावीतला मुलगा असेल. मला बघून दचकलाच.

"आजी नाहीत यंदा?"

"पुण्याला गेलीये."

पाकीट त्याने न उघडता खिशात घातलं, फराळाची पिशवी मात्र उघडून बघितली.

"चकली विकतची आहे का?"

हो म्हणालो. पिशवी सायकलला अडकवून तो पुढच्या बिल्डिंगकडे गेला.