चार लाख ऐंशी हजार डाँगचा फरक

हनोईतल्या हॉस्टेलमध्ये, वरच्या बंकवर, रात्री साडेदहाला मी नोटा मांडून बसले होते. प्रवासखर्चाच्या वहीप्रमाणे शिल्लक हवी होती १९,२०,००० डाँग, म्हणजे व्हिएतनामचं चलन. हातात होते १४,४०,०००. पाकीट झटकलं, सॅकचे कप्पे उपसले, तीनदा मोजलं. फरक तेवढाच, ४,८०,०००.

एखादा खर्च लिहायचा राहिला असता तर आकडा बहुधा असा गोल आला नसता. पाच लाखांतून वीस हजार वजा केले की नेमके एवढेच उरतात, हे डोक्यात आलं आणि संध्याकाळ आठवली. मोटरसायकल टॅक्सीवरून उतरताना, अंधारात, मी वीस हजारांच्या ऐवजी पाच लाखांची नोट दिली होती. दोन्ही नोटा निळ्या, दोन्ही प्लास्टिकसारख्या गुळगुळीत, दोन्हींवर व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांचा चेहरा. मागे बघितलं तर वीस हजारांवर होई आन शहरातला छपराचा जपानी पूल आहे आणि पाच लाखांवर हो ची मिन्ह यांचं जन्मघर. पण अंधारात नोट उलटून कोण बघतं?

पैसे गेले ते गेलेच. पण कुठे गेले ते त्याच रात्री कळलं, हे माझ्यासाठी फार मोठं होतं. दुसऱ्या दिवसापासून पाच लाखांच्या नोटा वेगळ्या चेनच्या खिशात गेल्या.

पहिल्या महिन्यात हीच चूक झाली असती, तर मला पत्ताही लागला नसता. थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया असे १२० दिवस ठरवले होते. विमान, विमा, लसी, सॅक हे निघण्याआधीच झालं होतं. उरलेल्या रकमेला १२० नं भागलं आणि आलेला आकडा रोजची मर्यादा मानून निघाले. थायलंडमधल्या चियांग माईत दहा दिवस खर्च त्याच्या बराच आत राहिला, म्हणून मी निर्धास्त होते. मग लाओसमध्ये शिरण्याची हुए साईची सीमा आली. लाओसचा व्हिसा डॉलरमध्ये भरला, लुआंग प्राबांगला जाणाऱ्या दोन दिवसांच्या बोटीचं तिकीट काढलं, वाटेत पाकबेंगला मुक्काम. एका दिवशी चार दिवसांची मर्यादा संपली. बोटीत बसून मेकाँग बघायची सोडून मी मनातल्या मनात काटकसरीचे बेत करत होते. ते दोन दिवस मी उगीच घालवले, याचं आजही वाईट वाटतं.

चूक खर्चात नव्हती, मोजण्यात होती. व्हिसा हा त्या दिवसाचा खर्च नाही, त्या देशातल्या सगळ्या दिवसांचा आहे. लाओसमध्ये २० दिवस राहणार असेन, तर व्हिसाचा विसावा हिस्सा रोजचा. म्हणून वहीत दोन रकाने केले: ‘रोजचा’ आणि ‘पसरलेला’. राहणं, खाणं, गावातली ये-जा पहिल्यात. व्हिसा, सीमा ओलांडणारी तिकिटं, कंबोडियातल्या अंकोरच्या देवळांचा पास दुसऱ्यात. रात्रीच्या बसचं तिकीट मात्र मी पहिल्याच रकान्यात ठेवलं, कारण त्या रात्रीचं राहण्याचं भाडं वाचतं. हे माझं मत आहे, एखाद्याला पटणार नाही.

दुसरा घोळ एटीएमचा. पैसे काढले की मी ते खर्चात लिहीत होते, आणि मग त्याच रोकडीतून झालेला खर्चही लिहीत होते. म्हणजे सगळं दोनदा. एटीएममधून काढणं म्हणजे खर्च नव्हे, पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणं. खर्च फक्त त्यावरची फी. ही फी साधी गोष्ट नाही. मी गेले तेव्हा थायलंडच्या एटीएमवर बाहेरच्या कार्डाला दर वेळी २२० बाट कापले जात होते. २,००० काढले तर ११ टक्के गेले, २०,००० काढले तर जेमतेम १.१. तेव्हापासून मी कमी वेळा आणि जास्त काढू लागले, आणि रोकड दोन ठिकाणी ठेवली. मशीन ‘तुमच्या चलनात रूपांतर करू का’ असं विचारतं, तिथे नेहमी नकार द्यायचा. तो दर जवळपास हमखास महाग असतो.

दराचा गोंधळ मात्र मी स्वतः ओढवून घेतला होता. गुगल शीटमध्ये आपोआप ताजा दर आणणारं सूत्र घातलं आणि खूश झाले. तीन आठवड्यांनी पाहते तर बँकॉकचे जुने आकडे बदललेले! सूत्र रोज नवा दर आणत होतं आणि झालेला खर्च रोज नव्यानं मोजत होतं. मग ते काढून टाकलं. खात्यातून फीसकट किती कापले आणि हातात किती आले, त्यावरून त्या नोटांचा दर काढायचा. त्या नोटा संपेपर्यंत तोच दर. इंटरनेट लागत नाही आणि आकडा खरा असतो.

कंबोडियात डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, एका डॉलरला साधारण चार हजार रिएल. पाच डॉलर दिले की सुट्टे कधी डॉलर अधिक रिएल, कधी नुसते रिएल. तिथे मी ‘दिले’ आणि ‘परत आले’ असे दोन आकडे लिहिले, नाहीतर ताळा जुळतच नव्हता. डॉलरची नोट जराशी फाटलेली असली तरी लोक घेत नाहीत, म्हणून परत येणारी प्रत्येक नोट उजेडात धरून बघायची सवय लागली.

रोज झोपण्याआधी दहा मिनिटं: नोटा मोजायच्या, ताळा बघायचा आणि शेवटी एकच आकडा मोठा लिहायचा. तो पैशांचा नाही, दिवसांचा. उरलेली रक्कम भागिले गेल्या दोन आठवड्यांची रोजची सरासरी. ‘आज जास्त झाले’ यापेक्षा ‘आज दीड दिवस गेला’ हे मला नेमकं कळायचं, आणि ज्या दिवशी तो दीड दिवस देण्यासारखा होता, त्या दिवशी मी तो मनापासून दिला.

सिएम रीपला अंकोरचा तीन दिवसांचा पास घेतला. तो सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांत कधीही तीन दिवस चालतो, म्हणून मधले दिवस स्वस्तात निवांत काढले. शेवटच्या देवळावरून परतल्यावर वही उघडली. प्रवासाचे नऊ दिवस बाकी होते आणि वहीत पैसे सोळा दिवसांचे. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या तिकिटाची तारीख आठवडाभर पुढे ढकलली, ती फी ‘पसरलेला’मध्ये लिहिली, आणि दक्षिणेला काम्पोतची बस धरली.