क्लास लावू का?

"मॅडम, पोरगा हुशार आहे, पण अभ्यासात मागे पडतोय. क्लास लावू का?" पालकसभा संपली की दाराशी थांबून कुणीतरी हे विचारतंच. वर्गात जायची घाई असते, उत्तर अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी उलट विचारते, त्याला दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट वाचता येते का? पोरगा पाचवीत असतो, त्यामुळे आईवडील दुखावतात. पण मुलांना वाचन आणि गणित किती येतं हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर' पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्या मुलांनाही दुसरीचा मजकूर वाचता आला नाही. तुमचं मूल एकटं नाही.

अशा मुलाची वही बघा. फळ्यावरचं सगळं नीट उतरवलेलं, अक्षर वळणदार. वाचून दाखव म्हटलं की मान खाली. जोडाक्षरं आली नाहीत, म्हणून शाब्दिक उदाहरण वाचता येत नाही, आणि आपण म्हणतो गणित कच्चं! पुस्तक पुढे जातं, मूल जिथे अडलं तिथेच राहतं. पुढे कुणीतरी त्याला 'ढ' म्हणतं. त्या एका अक्षराचा मला फार राग येतो.

मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेने 'बालसखी' नेमल्या होत्या. वस्तीतल्याच, शाळा पूर्ण केलेल्या तरुण मुली. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोन तास वेगळं बसवून वाचन आणि अंकगणित पायापासून शिकवायच्या. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात याचा परिणाम तपासला. बालसखीकडे गेलेल्या मुलांची प्रगती झाली. वर्गात उरलेल्यांची संख्या कमी झाली होती, तरी त्यांच्या गुणांत फरक पडला नाही. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. नुसता पट कमी करून भागलं नाही, मूल जिथे होतं तिथून शिकवावं लागलं. बालसखींकडे डी.एड. नव्हतं, पण त्यांच्यावर पुस्तक संपवायची सक्तीही नव्हती.

म्हणून क्लासवाल्यांना एवढंच विचारा: माझ्या मुलाला काय येतं ते आधी बघणार, की पाचवीचंच पुस्तक पुन्हा घेणार? पुन्हा घेणार असतील, तर पैसे घालू नका.

आज रात्री दुसरीचं पुस्तक घेऊन त्याच्याशेजारी बसा. रागावू नका. जिथे अडेल तिथे पेन्सिलीने बारीक खूण करा आणि ते पान उद्या माझ्याकडे घेऊन या.