गरम आहे तोवर

डिंकाचा लाडू एकटीनं वळायचा नसतो. शास्त्र वगैरे काही नाही, कारण गुळात आहे. गूळ तुपात विरघळून जरा फेसाळला की लगेच उतरवायचा. पाक पुढे गेला तर लाडू फोडायला बत्ता लागतो. मिश्रण गरम आहे तोवरच वळलं जातं, आणि पन्नास-साठ लाडू तेवढ्यात दोन हातांनी होत नाहीत. म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत कुणाची लेक बाळंतपणाला आली, की दुपारची भांडी घासून शेजारच्या चार-पाच जणी परातीभोवती बसतात.

पाव किलो डिंक, अर्धा-अर्धा किलो खारकेची पूड आणि भाजलेलं सुकं खोबरं, पाऊण किलो कोल्हापुरी गूळ, मूठभर खसखस, सुंठ, जायफळ. तूप डिंक पिईल तेवढं. खरी परीक्षा डिंकाचीच. आदल्या दिवशी त्याला ऊन दाखवायचं, ज्वारीच्या दाण्याएवढा कुटायचा आणि मध्यम आचेवर थोडा-थोडा सोडायचा. तूप फार तापलं तर वरून लाल, आत काचेसारखा कच्चा. मग दाताला चिकटतो. फुललेला खडा बोटांत दाबून भुगा झाला, तरच पुढचा घाणा.

नजरा परातीत असल्या की तोंडासमोर न निघणारं बोलणं निघतं. टाके, अंगावरून जाणं, दुधाच्या गाठी. भिंतीला टेकलेली बाळंतीण पुटपुटते, "मावशी, उगंच रडू येतंय."

"येऊ दे की. पर पंधरा दिसांत थांबलं न्हाई तर डॉक्टरास्नी सांगायचं. लाजायचं न्हाई."

अर्थात या परातीतलं सगळंच सोनं नव्हे. चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, पिळून टाका, बाळाला मध चाटवा, दारं लावून शेगडी ठेवा, हेही इथूनच पसरलं. चीक तर जन्मल्यापासून तासाभरात पाजायचा असतो. वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेची भीती. आणि कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना वास येतो. हल्ली आरोग्य खात्याच्या आशाताई येतात, लाडू वळता वळता हेच सांगतात. तासाला पॅड भिजायला लागलं तर 108 ला फोन, हेही. एखादी आजी नाक मुरडते, पण शेगडी दाराबाहेर जाते.

शेवटचा चुरा काही वळत नाही. त्यावर चमचाभर गरम तूप सोडतात. तरी फुटलाच, तर वाटीत घालून चमच्यासकट बाळंतिणीच्या हातात.