माळ्यावर सापडलेला स्पेक्ट्रम लगेच लावून बघू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: लगेच लावू नका. माळा आवरताना झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे सिंक्लेअर कंपनीचा टीव्हीला जोडायचा जुना घरगुती कॉम्प्युटर, हाती लागतो, सोबत कुठलासा अ‍ॅडॅप्टर असतो, आणि मग ‘चालू करू का, गेम कसे लोड करू?’ हा प्रश्न हमखास येतो. हे मशीन वयापेक्षा चुकीच्या अ‍ॅडॅप्टरनेच जास्त दगावतं.

आधी तुमच्याकडे कोणतं मॉडेल आहे ते बघा. रबरी बटणांचं असेल तर ते १९८२ चं मूळ रूप. कडक प्लास्टिकची बटणं असतील तर १९८४ साली आलेलं स्पेक्ट्रम प्लस. भारतात डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन विकलं तेही प्लसच. आतला बोर्ड दोन्हींत सारखाच, मेमरी (रॅम) ४८के म्हणजे ४८ किलोबाइट; फक्त रबरी बटणांची काही मशीन १६के ची होती. म्हणून पुढचं सगळं दोन्हींना लागू.

अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअरचा लागतो आणि पिनच्या आतला भाग निगेटिव्ह, बाहेरचा पॉझिटिव्ह. बाजारातले बहुतेक अ‍ॅडॅप्टर नेमके उलटे असतात, आणि उलटं लावलं तर वाचवायला बोर्डावर काहीही नाही. मल्टिमीटरची लाल पिन बाहेरून, काळी आत लावून मोजा. मूळ अ‍ॅडॅप्टर लोड नसताना १२-१४ व्होल्ट दाखवतो. तो रेग्युलेटेड नाही, म्हणजे लोडप्रमाणे त्याचे व्होल्ट बदलतात, त्यामुळे घाबरू नका. पण नवा घेताना ‘१२ चा चालतो की’ हे दुकानदाराचं ऐकू नका. वरचे व्होल्ट ७८०५ रेग्युलेटर (आत ५ व्होल्ट करून देणारा भाग) उष्णता म्हणून बाहेर टाकतो आणि खालचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चटका देण्याइतका तापतो. २ अँपिअरचा नवा ९ व्होल्ट उत्तम, फक्त पोलॅरिटी तपासा.

मशीनला चालू-बंदचं बटण नाही. म्हणून आधी पिन मशीनमध्ये घाला आणि मग भिंतीवरचं बटण दाबा. चालू अ‍ॅडॅप्टरची पिन खुपसली की ठिणगी उडते. मागच्या एज कनेक्टरला (बोर्डाच्या बाहेर आलेल्या, धातूच्या पट्ट्यांच्या कडेला) जोडलेलं काहीही, जॉयस्टिक इंटरफेस असो की प्रिंटर, वीज चालू असताना काढू-घालू नये. कनेक्टर जरा तिरका झाला तरी शेजारच्या पट्ट्या शॉर्ट होतात आणि टीआर४ हा ट्रान्झिस्टर जातो.

या टीआर४ वर थोडं थांबायला हवं, कारण निम्मी दुखणी इथेच असतात. मेमरीच्या खालच्या, म्हणजे पहिल्या १६के साठी ४११६ जातीच्या आठ रॅम चिप आहेत आणि त्यांना तीन व्होल्टेज लागतात: +५, +१२ आणि −५. पहिलं ७८०५ देतो. बाकीची दोन टीआर४, टीआर५ आणि एक छोटी कॉइल मिळून बनवतात. −५ गेलं आणि +१२ राहिलं तर ४११६ भाजून निघतात. म्हणून पहिल्यांदा चालू करताना खालचे स्क्रू काढून झाकण उघडं ठेवा आणि कोणत्याही ४११६ वर मोजा: पिन १ वर −५, पिन ८ वर +१२, पिन ९ वर +५, ग्राउंड पिन १६. −५ नसेल तर तत्क्षणी बंद करा. टीआर४ ला झेडटीएक्स६५० बसतो. सोबत टीआर५ आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलून टाका. खर्च किरकोळ आहे.

झाकण उचलताना झटका देऊ नका. कीबोर्डच्या मेम्ब्रेनच्या (बटणांखालच्या पातळ प्लास्टिकच्या पडद्याच्या) दोन चपट्या पट्ट्या बोर्डात घुसलेल्या असतात आणि जुन्या झाल्या की पापडासारख्या तुटतात. एका ओळीतली पाच बटणं एकदम मेली तर दोष बहुधा तिथेच. चिकटवत बसू नका. नवी मेम्ब्रेन मिळते, फक्त मूळ आणि प्लसची वेगवेगळी असते.

टीव्हीवर यूएचएफ चॅनल ३६ शोधा. चित्राला मुंग्या असतील तर मॉड्युलेटरच्या (चित्र टीव्ही चॅनलवर चढवणाऱ्या डबीच्या) आतली आरएफ तार सोडवून कंपोझिट व्हिडिओ, म्हणजे मॉड्युलेटरआधीचा थेट चित्राचा सिग्नल, १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून त्याच सॉकेटला द्या. कपॅसिटरचं पॉझिटिव्ह टोक बोर्डाकडे. क्षणभर काळा पडदा आणि मग खाली सिंक्लेअरची १९८२ ची ओळ आली की जिंकलात. उभ्या पट्ट्या किंवा रंगीत चौकोनांचा कचरा राहिला तर खालची रॅम बिघडली. ओळ आली तरी वरचे ३२के जिवंत आहेत का ते बघाच: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८के, ३२७६७ आलं तर वरची रॅम गेली, किंवा मशीन मुळातच १६के चं आहे. इथे अक्षरं टाइप होत नाहीत, अख्खा शब्द एका बटणावर असतो: प्रिंट ‘पी’वर, पीक मात्र एक्स्टेंडेड मोडमध्ये (कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकत्र दाबून) ‘ओ’वर.

आता गेम. ते कॅसेटवरच्या आवाजातून लोड होतात. ‘जे’ दाबलं की लोड येतं, मग सिम्बॉल शिफ्ट धरून ‘पी’ दोनदा, एंटर. इअर सॉकेटला फोन जोडला तरी चालतो. बॉर्डरवर लाल-आकाशी रुंद पट्टे म्हणजे पायलट टोन, डेटाआधीचा एकसारखा सूर. निळे-पिवळे बारीक पट्टे म्हणजे डेटा. लाल-आकाशी दिसतात पण गेमचं नाव उमटत नाही, असं असेल तर आवाज कमी आहे. फोनचा आवाज पूर्ण, इक्वलायझर बंद, नोटिफिकेशन बंद, आणि फाइल डब्ल्यूएव्ही. एमपी३ मध्ये पल्सच्या कडा बोथट होतात. तरी जमत नसेल तर मध्ये छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घाला, कारण फोनचा सिग्नल मुळात कॅसेट प्लेअरपेक्षा कमजोर. जुनी कॅसेट वापरत असाल तर हेडचा अ‍ॅझिमथचा (टेपशी असलेल्या कोनाचा) स्क्रू अगदी थोडा फिरवून आवाज सर्वांत तीक्ष्ण होतो तिथे थांबा.

वरची रॅम मेलेल्या मशीनवरही जेटपॅक चालतो, तो १६के चाच आहे. पूर्ण ४८के असेल तर १९८३ चा मॅनिक मायनर घ्या: वीस गुहा, अक्षरांच्या वरच्या ओळीतलं क्यू डावीकडे, डब्ल्यू उजवीकडे, असं आलटून-पालटून पी पर्यंत, आणि खालच्या ओळीने उडी. खेळता खेळता मेम्ब्रेनच्या दोन ओळींची तपासणीही होऊन जाते.