उंटाच्या पोटातला दिवा

९ नोव्हेंबर, रविवार. एडिसन, न्यू जर्सी

समोरच्या आजींच्या गॅरेजमधली खोकी आज आमच्या गॅरेजमध्ये आली. आजोबा गेल्यापासून त्यांच्या अंगणात नाताळाचं काही लागलं नव्हतं. आम्ही या गल्लीत राहायला आलो तेव्हा कुणी पत्ता विचारला की आम्ही सांगायचो, प्लास्टिकचा उंट उभा आहे ना, त्याच्या समोरचं घर. येशूच्या जन्माच्या देखाव्यातल्या, आत दिवा असलेल्या प्लास्टिकच्या मूर्ती, म्हणजे तो उंट, तीन राजे, मेरी, जोसेफ, बाळ येशू, एक मेंढी, आणि छपराच्या कडेला लावायच्या जाड बल्बांच्या माळा, असं सगळं आजी कचऱ्याच्या गाडीला देणार होत्या. मी मागून घेतलं. नीट झालं तर तुमच्याच अंगणात लावू, असं म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि आजोबांच्या हातचं एक पाकीटही दिलं. त्यात जास्तीचे बल्ब, फ्यूज आणि कुठली माळ कुठे जाते याचं पेन्सिलीने काढलेलं चित्र होतं.

खर्च ५० डॉलरच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, असं ठरवलं आहे. नवीन आणायचं तर त्या पैशांत एक फुगवायचा सांता येईल. वाऱ्यात दोन मोसम काढले की तो फाटतो. या मूर्ती पन्नासेक वर्षं टिकल्या आहेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज फक्त माळा केल्या. सकाळी डोंबिवलीला दादाला व्हिडिओ कॉल लावला. आमच्या लहानपणी गणपतीच्या मंडळाची सगळी रोषणाई त्याच्याकडे असायची. लोहार चाळीतून होल्डर आणायचे, घरी बसून जोडायचे. मी शेजारी बसून वायर सोलून द्यायची. माळ कॅमेऱ्यासमोर धरली तर तो पहिलं वाक्य हेच म्हणाला, "अगं, आधी सांग, सिरीज आहे की पॅरलल?"

सगळी दुरुस्ती या एका प्रश्नावर ठरते. छपराचे जाड बल्ब, इथे त्यांना सी-नाइन म्हणतात, पॅरलल असतात. प्रत्येकाला पूर्ण १२० व्होल्ट मिळतात. एक गेला तर बाकीचे चालू राहतात आणि एकेक बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये एलईडी बसवता येतो. बारीक दिव्यांची माळ मात्र सिरीजमध्ये असते, म्हणजे वीज एकातून दुसऱ्यात अशी ओळीने जाते. शंभर दिव्यांच्या माळेत पन्नास-पन्नासचे दोन भाग, प्रत्येक दिवा साधारण अडीच व्होल्टचा. म्हणूनच एखादी माळ नेमकी अर्धी बंद पडलेली दिसते. लोक ती मेली म्हणून टाकून देतात, आणि मला खरोखर वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्यात एकच दिवा सैल असतो किंवा एकाच्या पायाची तार वाकलेली असते.

दिव्यातली उजळणारी तार, म्हणजे फिलामेंट, जळली म्हणून सिरीजची माळ बंद पडू नये, याची सोय दिव्यातच केलेली असते. फिलामेंटच्या खाली शंट नावाची एक अगदी बारीक तार गुंडाळलेली असते, तिच्यावर वीज अडवणारा लेप असतो. फिलामेंट तुटलं की विजेचा सगळा दाब, म्हणजे व्होल्टेज, त्या एका दिव्यावर येतो, लेप फुटतो आणि वीज शंटमधून पुढे जाते. पण मग उरलेल्या दिव्यांना थोडा थोडा जास्त दाब सोसावा लागतो. चार-पाच जळलेले दिवे तसेच ठेवले तर पुढचे भराभर जातात. म्हणून एक गेला की लगेच बदलायचा. आणि या माळेत मध्येच एलईडी घालायचा नाही, ते चालत नाही.

दादाने सांगितलेल्या क्रमानेच गेले. प्लगवरची छोटी खिडकी सरकवून आधी फ्यूज पाहिला. मग वीज असेल तिथे आवाज करणारा बिनस्पर्शाचा टेस्टर दिव्यांवरून पुढे पुढे सरकवला. जिथे तो बोलायचा थांबला, तिथला दिवा काढला. पाय गंजलेले होते. आजोबांच्या पाकिटातला दिवा बसवला आणि अर्धी माळ एकदम लागली. लेक धावत आली, "आई, कशी केलीस?" तिच्या हातात टेस्टर दिला, पुढची माळ तिनेच शोधली.

काही मात्र टाकल्या. वायर वाकवल्यावर वरचं आवरण तडकत असेल, होल्डर वितळलेला असेल, तर ती माळ वाचवायची नाही, ती कितीही सुंदर असो. टेप गुंडाळून पावसात टांगणं हे मला मान्य नाही. यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचं हिरवं लेबल असलेल्या माळाही बाजूला ठेवल्या, त्या फक्त घरातल्या. बाहेर चालणाऱ्या जुन्या माळांवर लाल लेबल असतं. आणि जुन्या वायरींच्या प्लास्टिकमध्ये शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर दोघींनी साबणाने हात धुतले.

१६ नोव्हेंबर

होल्डर साफ केले. पांढरं व्हिनेगर, जुना टूथब्रश, मग दिवसभर वाळवणं. शेवटी पाणी शिरू नये म्हणून आत किंचित ग्रीस. कंटाळवाणं काम आहे. पण यावरच माळ पुढची दहा वर्षं चालते की नाही हे ठरतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज मूर्ती. इथे या प्रकाराला ब्लो मोल्ड म्हणतात. गरम प्लास्टिकच्या नळीत हवा फुंकून साच्यात फुगवलेल्या पोकळ आकृत्या, आत एक बल्ब. गेल्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेतल्या अंगणांत या असायच्या. उंटाच्या तळाला एम्पायर हे नाव उठवलेलं आहे. या मूर्ती करणारे मोठे कारखाने एकामागून एक बंद झाले. मॅसॅच्युसेट्समधल्या लेमिन्स्टरच्या युनियन प्रॉडक्ट्सने १९५७ मध्ये अंगणातला तो प्रसिद्ध गुलाबी फ्लेमिंगो काढला होता, तोही कारखाना २००६ मध्ये थांबला. म्हणून आता जुन्या मूर्तींना चांगला भाव येतो आणि गॅरेज सेलमध्ये पूर्वीसारख्या स्वस्त सापडत नाहीत. ज्यांच्या माळ्यावर पडल्या आहेत त्यांनी टाकू नयेत, एवढं मी भेटेल त्याला सांगते.

कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, मऊ फडकं. एवढंच. रंगावर घासायचं नाही, कारण कारखान्यातला रंग वरवर बसलेला असतो आणि निघाला की गेला. थिनर, ॲसिटोन जवळही आणायचं नाही. उंटाच्या कुशीला मोठा पोचा होता. आतून गरम पाणी ओतलं, बाहेरून हेअर ड्रायर फिरवला, प्लास्टिक मऊ पडल्यावर आत हात घालून दाबलं. पोचा वर आला.

मेरीचा निळा अंगरखा उन्हाने जवळजवळ पांढरा झाला होता. या प्लास्टिकला, पॉलिथिनला, साधा रंग धरतच नाही, सोलून येतो. प्लास्टिकसाठीचा स्प्रे लागतो, एक डबा घेतला. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की रंग दिवसा बघून द्यायचा नाही. आत दिवा लावून, अंधार करून बघायचं. उजेडात छान दिसणारा जाड थर आतून दिवा लागला की काळा डाग दिसतो. मी अगदी पातळ हात दिला, वाळू दिला, दिवा लावून पाहिला, मग दुसरा. चेहऱ्यांना हातच लावला नाही. डोळ्यांच्या त्या दोन रेषा ज्या कुणी कारखान्यात काढल्या, त्यांच्यासारख्या मला जमणार नाहीत आणि त्या बदलायचा मला हक्कही वाटत नाही.

आत जुना साधा बल्ब होता, तो तापतो. एलईडी घातला. उष्णता नाही, म्हणजे प्लास्टिकही जास्त टिकेल. पिवळसर उजेडाचाच घेतला. पांढऱ्या उजेडात मेरी आजारी दिसते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. सेलच्या रांगांत गेलो नाही. मुलीला घेऊन मेन्लो पार्कला एडिसनच्या स्मारकाच्या मनोऱ्यापाशी गेले, घरापासून अगदी जवळ. १८८० च्या नाताळात एडिसनने इथे आपल्या प्रयोगशाळेबाहेर विजेच्या दिव्यांच्या माळा टांगल्या होत्या, आणि रेल्वेने जाणाऱ्या लोकांना त्या दिसत. दोन वर्षांनी त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी ८० लाल, पांढऱ्या, निळ्या बल्बांनी झाड सजवलं. विजेच्या दिव्यांचं ते पहिलं नाताळाचं झाड.

मला या दोन्हींत १८८० ची गोष्ट जास्त जवळची वाटते. झाड घरातल्यांसाठी होतं. बाहेरच्या माळा गाडीतून जाणाऱ्या अनोळखी माणसांसाठी होत्या. आजोबा तीच गोष्ट करत होते. कामावरून रात्री परतताना या वळणावर तो उजेड दिसला की आम्हाला, इथे कुणी ओळखीचं नसतानाच्या त्या पहिल्या हिवाळ्यात, बरं वाटायचं. आकाशकंदीलही घराबाहेरच लावतात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. त्यामुळे हे काम मला परक्याच्या सणाचं कधी वाटलंच नाही.

येताना थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, तारेचं हरीण मिळालं, ५ डॉलरला. त्यावरची माळ मेलेली, सांगाडा धडधाकट. माळ कापून काढली, गंज पॉलिश पेपरने घासला, नवी एलईडीची माळ मागच्या पायापासून सुरू करून गुंडाळली, म्हणजे प्लग जमिनीपाशी राहतो. केबल टाय पांढरे वापरले.

६ डिसेंबर, शनिवार

लावलं. आजोबांचं चित्र हातात धरून. छपराला शंभर सी-नाइन. जुने बल्ब ७ वॉटचे, म्हणजे ७०० वॉट. सहा तास चालले तर रोजचे चार युनिटहून जास्त. आजींच्या बिलावर तो भार नको, म्हणून तीन माळांत एलईडी घातले. ते शेजारच्यांनी गेल्या वर्षी काढून ठेवले होते, त्यामुळे फुकट. दारावरच्या एका माळेत मात्र जुने काचेचेच ठेवले, त्यांच्या रंगाची खोली एलईडीत नाही. सगळं अंगणातल्या जीएफसीआय सॉकेटवर जोडलं, ओल आली तर ते स्वतःच बंद होतं. मूर्तींच्या तळात वाळू भरली.

आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मेंढी उंटाच्या डाव्या बाजूला हवी, चित्रात चुकलंय, म्हणाल्या. हलवली.

खर्च ४१ डॉलर. २६ तारखेपासून बल्बांचे भाव निम्म्यावर येतील, उरलेल्या ९ डॉलरांत पुढच्या वर्षासाठी जास्तीचे घ्यायचे आणि आजोबांच्या पाकिटात ठेवायचे. तिसऱ्या राजाच्या मुकुटाचा रंग राहिला आहे. थंडीत स्प्रे नीट बसत नाही, तो मे महिन्यात.