रांग मोजली नाही तर वाहतूक मोजलीच नाही

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचा रस्ता घ्या, नाहीतर संध्याकाळी पणजीबाहेर पडणारा. कोंडीत स्टॉप लाइनवर उभं राहून मोजलेल्या गाड्या म्हणजे जंक्शनने पलीकडे सोडलेल्या गाड्या. मागे अडकलेल्या त्या आकड्यात येतच नाहीत, आणि सिग्नलचं सगळं गणित त्यामुळे फसतं.

उपाय साधा आहे. दर १५ मिनिटांनी रांगेचं शेपूट कुठवर गेलं ते विजेच्या खांबांच्या खुणेने टिपायचं. दोन खांबांमध्ये साधारण किती गाड्या मावतात हे आधीच पाहून ठेवायचं. समजा, १५ मिनिटांत ४५० पीसीयू (एक कार म्हणजे एक, या मापाने मोजलेली वाहनं) सुटले आणि रांग २० वरून ६५ पीसीयूवर गेली. म्हणजे आले ४९५. तासाचे १,८०० नव्हे, १,९८०.

हे १० टक्के किरकोळ वाटतात. सिग्नलची वेळ ठरवणाऱ्या वेबस्टरच्या सूत्रात ते घालून बघा: सायकल = (१.५ ल + ५) ÷ (१ − य). सायकल म्हणजे सगळ्या बाजूंना एकेकदा हिरवा मिळून होईपर्यंतचा वेळ, 'ल' म्हणजे त्यात वाया जाणारा वेळ, 'य' म्हणजे प्रत्येक फेजमधल्या (एकाच वेळी हिरवा मिळणाऱ्या बाजूंच्या गटातल्या) सर्वांत भारी बाजूची मागणी भागिले सलग हिरवा असता तिथून सुटू शकणारी वाहनं, या गुणोत्तरांची बेरीज. ल १२ सेकंद आणि य ०.८० असेल तर सायकल ११५ सेकंद. सगळ्याच बाजूंना मागणी १० टक्के जास्त निघाली की य ०.८८ आणि सायकल थेट १९२ सेकंद. एवढा वेळ आपल्याकडे लाल दिव्याला कोण थांबणार? तिथे टायमिंगशी खेळत बसण्यात अर्थ नाही. डावीकडे वळणाऱ्यांना वेगळी जागा द्या, नाहीतर एखादी फेज कमी करा.

दुसरी अडचण स्कूटरची. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या हवेच्या नळ्यांवरून दोन स्कूटर एकदम गेल्या की यंत्र एकच धरतं. म्हणून इथे व्हिडिओच हवा: कॅमेरा उंच गच्चीवर, स्टॉप लाइन आणि रांगेचं शेपूट दोन्ही दिसतील असा. शेपूट वळणाआड जात असेल तर तिथे दुसरा माणूस उभा करा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६ (१९९०) या मार्गदर्शिकेप्रमाणे शहरी रस्त्यावर दुचाकींचं प्रमाण १० टक्के वा जास्त असेल तर एक दुचाकी म्हणजे ०.७५ पीसीयू. सिग्नलला मात्र पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) आणि स्कूटरवाले गाड्यांच्या फटींतून पुढे येऊन थांबतात, हिरवा लागताच घोळक्याने सुटतात. तिथे ०.७५ मला फार वाटतं; हिरव्यातले पहिले काही सेकंद व्हिडिओवर वेगळे मोजून आकडा आपणच काढावा.

वाहतुकीच्या संगणकी मॉडेलमध्येही तेच. सुमो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मूळ सेटिंगवर चालवलं तर स्कूटर लेनमध्ये एकामागे एक उभ्या राहतात आणि रांग खऱ्यापेक्षा लांब दिसते. लॅटरल रिझोल्यूशन (लेनची आडवी अरुंद पट्ट्यांत विभागणी, म्हणजे स्कूटर शेजारीशेजारी मावतात) चालू करा, ०.८ मीटरपासून सुरुवात करा, आणि गाड्यांच्या संख्येइतकीच रांगेची लांबीही जुळते का ते तपासा. नुसती संख्या जुळलेल्या मॉडेलवर माझा विश्वास नाही.

सुरक्षेसाठी हाच व्हिडिओ पुन्हा कामाला येतो. एक गाडी जागा सोडते त्या फ्रेमपासून आडवी येणारी दुसरी त्याच जागी पोचते त्या फ्रेमपर्यंत मोजायचं. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ०.०४ सेकंद. अंतर एका सेकंदाच्या आत आलं की ती वेळ, ते वळण आणि वाहनांचा प्रकार लिहून ठेवा. अपघाताची नोंद व्हायची वाट न बघता कुठलं वळण आधी दुरुस्त करायचं ते या यादीतून कळतं.

मोजणीचा दिवस मंगळवार ते गुरुवारमधला घ्या, चवथीचे दिवस टाळून. बाजाराच्या दिवसाची सोय करायची असेल तर मात्र शुक्रवारच मोजायला हवा.